आधी उलटा करून बघा : मुंबईत जुने कपडे घ्यायचे तर

आमच्या चाळीत महिन्या-दोन महिन्यांनी बोहारीण यायची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. आई जुन्या साड्या, बाबांच्या पँटी काढून द्यायची आणि त्यावर पातेलं मिळणार की नुसतीच वाटी, यावर अर्धा तास घासाघीस चालायची. मी जिन्यात बसून तिचे हात बघायचे. शर्ट हातात आला की ती आधी तो उलटा करायची. मग कॉलर, मग काख, मग जिन्याच्या खिडकीशी धरून उजेड. साडी असली तर पूर्ण उलगडायची आणि घडीच्या रेषेवरून बोट फिरवायची. कपडा पुढून कसा दिसतो हे ती सगळ्यात शेवटी बघायची.

पुढे मी स्वतः जुने कपडे विकत घेऊ लागले तेव्हा पहिले दोन-तीन वेळा पैसे वाया घालवल्यावर मला हाच क्रम आठवला. आजही मी तसंच करते. मुंबईत पहिल्यांदाच जुने कपडे घ्यायला निघालेल्यांसाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण बाजारात कोणी थांबून शिकवत नाही.

काय हवंय ते ठरवा

तीन वेगळ्या गोष्टींना लोक ‘विंटेज’ हे एकच नाव देतात. आझाद मैदानासमोरच्या फॅशन स्ट्रीटवर किंवा वांद्र्याच्या हिल रोड, लिंकिंग रोडवर मिळतो तो बहुतेक माल नवा असतो, त्यातला काही एक्स्पोर्ट सरप्लस, म्हणजे निर्यातीसाठी बनवून उरलेला. कुलाबा कॉजवेवरचे काळपट ऑक्सिडाइज्ड दागिने जुने दिसतात, पण तेही नवेच. दुसरा प्रकार सेकंडहँड : कोणीतरी वापरलेला, कदाचित गेल्याच वर्षीचा कपडा. विंटेज म्हणताना मी साधारण वीस वर्षांच्या वरचा, त्या काळाचं कापड आणि त्या काळची शिवण असलेला कपडा धरते. तिन्हींत काहीच वाईट नाही, फक्त पैसे कशाचे देतोय ते कळलं पाहिजे.

बाजारात जाण्याआधी घरातली ट्रंक उघडा. आजीची लुगडी, आजोबांचा लग्नातला कोट, आत्याचं जुनं पोलकं, जे असेल ते. विकत काही घ्यायचं नाही, फक्त हात लावायचा. सुती, रेशमी, टेरीकॉट आणि टेरिलीन डोळे मिटून ओळखता यायला लागले की अर्धं काम झालं. टेरीकॉट चुरगाळून सोडलं की लगेच सरळ होतं, सुतीची चुरगळ तशीच राहते. रेशीम मुठीत धरलं की थोड्या वेळात गरम लागतं. लहानपणापासून हे कापड आपल्या आसपास आहे, त्यामुळे हात हे फार लवकर शिकतो.

बरोबर काय न्यायचं

तुम्हाला सगळ्यात नीट बसणारा एक शर्ट आणि एक पँट पलंगावर पसरा. खांदा, छाती, बाही, उंची, कंबर, मांडी ही मापं घेऊन फोनमध्ये लिहून ठेवा. जुन्या बाजारात घालून बघायला जागा नसते आणि जुन्या लेबलवरच्या साइझला काही अर्थ नसतो, कारण आजचा मीडियम आणि चाळीस वर्षांपूर्वीचा मीडियम यांत फरक असतो. खिशात मोजपट्टी, चांगला टॉर्च, सुटे पैसे आणि दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या. मापात खांदा सगळ्यात महत्त्वाचा. कंबर, उंची, बाही दुरुस्त करून मिळते, पण खांदा उतरवून परत बसवायचा म्हणजे जवळजवळ नवा कपडा शिवण्याइतकी मजुरी.

कुठे आणि केव्हा

चोर बाजार सगळ्यांना माहीत असतो. भेंडी बाजाराच्या बाजूची मटन स्ट्रीट आणि तिच्या आसपासच्या गल्ल्या. सँडहर्स्ट रोड किंवा ग्रँट रोड पूर्वेला उतरून चालत जाता येतं. पण नवखे लोक इथे एक चूक करतात. मटन स्ट्रीटवरची दुकानं प्रामुख्याने फर्निचर, दिवे, ग्रामोफोन, कॅमेरे आणि सिनेमाची जुनी पोस्टरं यांची आहेत. कपड्यांसाठी जायचं असेल तर शुक्रवार. त्या दिवशी ती दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. पहाटे अंधारातच माल पसरायला सुरुवात होते : कपडे, बूट, घड्याळं, पट्टे, चष्म्याच्या फ्रेमा, सगळं एकाच चादरीवर. चांगला माल उजाडायच्या आत व्यापारीच उचलतात. आपण सातपर्यंत पोचलो तरी पुष्कळ असतं, दुपारी गेलात तर मात्र उरलंसुरलं. फोन आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवा, गर्दी दाट असते. रमझानमध्ये या भागाची संध्याकाळ जिवंत असते, दिवस मंद.

बोहारणींकडून निघालेला माल कुठे जातो हेही समजून घ्या, कारण तुम्ही त्याच साखळीचं शेवटचं टोक आहात. गोळा झालेले कपडे निवडले जातात. धडके असतील ते धुऊन, डाग काढून, इस्त्री करून पुन्हा विकायला येतात. फाटक्या सुती कपड्यांच्या चिंध्या गॅरेज आणि कारखान्यांत पुसायला जातात. खऱ्या जरीची साडी जरीवाल्याकडे जाते, तो ती जाळून चांदी काढतो. या कामात पिढ्यान् पिढ्या घालवलेल्या बायकांना कापडाची जेवढी पारख आहे तेवढी मी मोठ्या दुकानांतही पाहिली नाही. तुमच्या इमारतीत बोहारीण येत असेल तर तिला सरळ सांगा, ‘मावशी, सुती नऊवारी किंवा जुना हातमागाचा कपडा आला तर आधी मला दाखवा, भांडं नको, रोख देते.’ माझ्याकडची सगळ्यात चांगली तीन लुगडी अशीच आली आहेत.

याशिवाय वांद्र्यात चर्चच्या आवारात भरणारे जंबल सेल आणि जुनी घरं रिकामी होताना निघणारं सामान यांवरही लक्ष ठेवा. फोनवरून विकणाऱ्यांकडे ‘इम्पोर्टेड थ्रिफ्ट’ म्हणून जे येतं त्याबद्दल थोडक्यात : परदेशातले वापरलेले कपडे भारतात आणायला परवाना लागतो. गुजरातमधल्या कांडल्याच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) ते निवडले जातात, आणि कापून चिंध्या केलेला माल पानिपतला सूत काढायला जातो. म्हणून गठ्ठ्यातून आलेल्या कपड्याची आधीची कहाणी कोणी रंगवून सांगितली तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

कपडा हातात आल्यावर

आता बोहारणीचा क्रम. पहिलं काम, उलटा करा.

आतून सगळं दिसतं. शिवणीच्या कडेला इंटरलॉकची दाट, यंत्राची वीण आहे का? की कड दुमडून टीप मारली आहे, की कात्रीने नागमोडी कापून सोडली आहे? जुन्या शिंप्यांच्या कामात बहुतेक वेळा दुमड किंवा नागमोडी कड दिसते. मग माया बघा. शिवणीच्या आत शिंपी जे जादा कापड सोडतो त्याला माया म्हणतात, आणि हा शब्द किती योग्य आहे हे जुना कोट उलटा केल्यावर समजतं. पाठीच्या मधल्या शिवणीत, पँटच्या मागे, बाहीच्या टोकाला इंचभर, कधी दीड इंच कापड ठेवलेलं असतं, माणूस पुढे जाड होईल, मुलगा उंच होईल म्हणून. ती माया तुमच्या कामाची आहे. कपडा घट्ट होत असेल तर तेवढा तो उसवून सैल करता येतो. तयार कपड्यांत हे जवळजवळ मिळत नाही.

दुसरं, कॉलर आणि काख. कॉलरच्या दुमडीवर तेलाची पिवळट रेघ असते, ती सुती शर्टाची बरीच निघते. काखेतलं कापड घामाने कडक झालं असेल तर दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून बघा. करकर आवाज आला किंवा धागे सरकले तर ते कापड संपलेलं आहे, धुऊन काही होणार नाही. अस्तराची काख फाटलेली असेल तर हरकत नाही, अस्तर बदलता येतं.

तिसरं, उजेड. कपडा आकाशासमोर धरा. विरलेलं कापड उजेडात जाळीसारखं दिसतं, विशेषतः बसायची जागा, गुडघे, कोपर. कसरीची भोकं बारीक आणि विखुरलेली असतात, लोकरीच्या कोटात खास करून. एक-दोन असतील तर रफूवाला भरून देतो. दहा-बारा दिसली तर न दिसलेली अजून तेवढीच असतात.

चौथं, वास आणि शिवणी. ओलसर, मातकट वास बुरशीचा. तो रेशमातून जाता जात नाही. शिवणीच्या खोबणीत आणि कॉलरच्या खाली काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण समजा आणि कपडा खाली ठेवा, कितीही सुंदर असला तरी.

त्यानंतर पुढची बाजू.

वय कसं ओळखायचं

हा मला सगळ्यात आवडणारा भाग. एकदा शुक्रवारच्या बाजारात करड्या टेरीवूलचा एक कोट मिळाला. आतल्या खिशावर शिंप्याचं विणलेलं लेबल होतं, इंग्रजीत. पत्त्याच्या शेवटी गिरगावचं नाव आणि ‘बॉम्बे-४’. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. त्याआधी मुंबईत पत्त्याला असा छोटा आकडा असायचा. तोच पुढे ४०० ००४ झाला. म्हणजे लेबलवर सहा आकडी पिन असेल तर कपडा १९७२नंतरचाच. उलटं मात्र खात्रीने म्हणता येत नाही, कारण छोटा आकडा लोक पुढेही वर्षानुवर्षं लिहीत राहिले आणि शिंपी लेबलं एकदम हजारभर करून घ्यायचे. शहराचं अधिकृत इंग्रजी नाव १९९५मध्ये मुंबई झालं. इंग्रजी लेबलवर ‘मुंबई’ असेल तर बहुधा कोट त्यानंतरचा, ‘बॉम्बे’ असेल तर ती फक्त शक्यता. दोन-तीन खुणा जुळल्या तरच वय धरायचं. माझ्या कोटाला पत्त्याशिवाय पितळी झिप, जाड सुती खिसे आणि भरपूर माया होती, म्हणून मी तो सत्तरच्या आसपासचा धरते.

अशाच आणखी खुणा. बटणांच्या पुठ्ठ्यावर किंवा डबीवर ‘नये पैसे’ असं छापलेलं असेल तर माल १९५७ ते १९६४मधला. चष्म्याच्या फ्रेमवर किंवा ब्रोचवर ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९९०च्या आधीचा, ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९९३च्या आधीचा. कापडाच्या काठावर गिरणीचं नाव छापलेलं दिसलं तर ते जपा. खटावच्या व्हॉइलसारख्या गिरणीच्या साड्या एके काळी घरोघरी होत्या. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर मुंबईच्या अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. परळ-लालबागमध्ये विणलेलं कापड हातात येतं तेव्हा मला ते परत चादरीवर टाकवत नाही.

परदेशी टी-शर्टांत लोक बाहीच्या टोकाची एकेरी टीप शोधतात, कारण नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती सर्रास असायची. पण आता नकली मालही तशाच टिपेने शिवतात, तेव्हा फक्त टिपेवर भरवसा नको.

साडी घेताना

साडी बांधलेल्या घडीत कधीच घेऊ नका. मी एकदा घेतली होती. दुकानात पिवळा दिवा, डाळिंबी रेशीम, दुकानदार म्हणाला की उलगडली तर घडी बिघडेल. घरी येऊन उघडली तर प्रत्येक घडीवर रेशीम चिरलेलं, सरळ ब्लेडने कापल्यासारखं. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं रेशीम असं तुटतं. विकणारा उलगडू देत नसेल तर नमस्कार करून पुढे निघा.

उलगडल्यावर लांबी मोजा : सहावारी साडेपाच मीटर, नऊवारी आठ मीटरच्या थोडी वर. कमी भरली तर कोणीतरी ब्लाऊजसाठी किंवा फाटका भाग म्हणून कापली आहे.

मग जर. खऱ्या जरीच्या पोटात रेशमाचा धागा, त्यावर चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा असतो. काठाच्या टोकाशी सुटलेला एखादा धागा नखाने खरवडा. चपटी चकचकीत पट्टी सोलून निघाली तर ती प्लास्टिकची जर. तार सुटून आत रेशीम दिसलं आणि तार पांढरट असली तर चांदी, लालसर निघाली तर तांब्याची. जुनी खरी जर काळवंडते, त्याला घाबरू नका. आणि लक्षात ठेवा, जरीतल्या चांदीचा भाव विकणाऱ्याला माहीत असतो. त्याच्या खाली तो उतरणार नाही, आणि त्याने का उतरावं?

पैठणी असेल तर पदर उलटा करा. हाताने विणलेल्या पदरावरची असावली, बांगडी मोर किंवा मुनिया ही नक्षी मागच्या बाजूनेही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, कारण रंगारंगांचे धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात. मागे कापलेले किंवा लोंबते धागे असतील तर ती तशी विणलेली नाही. इरकलीत पदर आणि अंग यांचा जोड शोधा. तिथे धागे फासात फास घालून जोडलेले असतात आणि ती रेषा बोटाला लागते. खात्री नसेल तेव्हा कडेचा एक धागा मागून घ्या आणि घरी जाळून बघा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

घड्याळं, चष्मे, बटणं

घड्याळांत एचएमटी सगळ्यांना हवं असतं. १९६१मध्ये बेंगळुरूत सिटिझनच्या मदतीने सुरू झालेला तो कारखाना, २०१६मध्ये सरकारने घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं. रस्त्यावरच्या कितीतरी घड्याळांची तबकडी नव्याने रंगवलेली असते आणि आतले भाग तीन वेगवेगळ्या घड्याळांतले असतात. स्विस नावांच्या बाबतीतही तेच. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’च म्हणतात. अक्षरं भिंगातून बघा. जाड, फुटलेली किंवा तिरकी असली, किंवा साठ वर्षांच्या घड्याळाची तबकडी एकदम करकरीत लाल-निळी असली, तर ती रंगवलेली. किल्ली फिरवा, कानाशी धरा, ठोका एकसारखा हवा. रोज घालायला म्हणून रंगवलेलंही चालतं, फक्त भाव तसा द्या.

चष्म्याच्या फ्रेमेत बिजागरी आणि कानाजवळ आलेला पांढरा थर तपासा. बाकी काच बदलता येते. शिंपल्याची बटणं गालाला लावली की थंड लागतात, प्लास्टिकची लागत नाहीत. माझा एक सल्ला : फाटका शर्ट, पण बटणं शिंपल्याची असतील तर बटणांसाठी शर्ट घ्या.

भाव

सकाळची पहिली भवानी असेल तर विकणारा गिऱ्हाईक सोडत नाही, पण त्या वेळी फार ताणणंही बरं नाही. आधी कपडा पूर्ण तपासा, दोष मनात ठेवा, मग शांतपणे ‘भाई, देने का भाव बोलो’ एवढंच म्हणा. मग मनात ठेवलेला दोष दाखवून कमी मागा. मालाला नावं ठेवू नका, तो त्याने पहाटे तीनला उठून आणलेला असतो. दोन-तीन वस्तू एकत्र घेतल्या तर हमखास सुटतं. आणि दुरुस्तीचा खर्च आधीच जोडा : रफू, अस्तर, झिप, धुलाई. माझा हिशोब असा की तो सगळा धरून जी रक्कम होते ती मला त्या कपड्यासाठी आनंदाने द्यावीशी वाटते का. वाटत नसेल तर मी ठेवून देते. परत घेणं किंवा बदलून देणं रस्त्यावर नसतं.

घरी आणल्यावर

पिशवी घरात उघडू नका, गॅलरीत उघडा. सुती कपडा साठ अंशांच्या गरम पाण्यात धुतला की ढेकणांची भीती जाते. रंग जाईल अशी शंका असेल तर आधी कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्याने दाबून बघा. लोकर आणि अस्तराचे कोट ड्रायक्लीनला. रेशीम मजबूत असेल तर रिठ्याच्या पाण्यात, न पिळता, सावलीत. रेशीम नाजूक झालं असेल तर धुऊच नका, नुसती हवा द्या. साडीला रोल प्रेस किंवा चरख करणारा, म्हणजे ती ताणून गुळगुळीत करून देणारा, नेहमीचा माणूस शोधून ठेवा आणि जुनी साडी देताना त्याला ती जुनी आहे हे मुद्दाम सांगा, नाहीतर ताणात ती फाटते.

ठेवताना जुन्या मलमलच्या किंवा धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. डांबराच्या गोळ्या जरीला थेट लागू देऊ नका, पुरचुंडी करून कोपऱ्यात ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, म्हणजे एकाच रेषेवर ताण राहत नाही. पावसाळ्यानंतर एकदा सगळं बाहेर काढायचं. नेसताना जुन्या रेशमात पिन टोचू नका. टोचायचीच असेल तर आत सुती पट्टी धरून.

प्रत्येक कपड्याच्या घडीत मी एक चिठ्ठी ठेवते : कुठून घेतला, कोणत्या तारखेला, किती दिले, काय दुरुस्त केलं. कोटाच्या चिठ्ठीत शिंप्याच्या लेबलचा पत्ताही उतरवून ठेवला आहे, कारण लेबलचे धागे आता सुटत चालले आहेत. सुती लुगडी अगदीच विरली की त्यांचे थर लावून गोधडी शिवते. त्यासाठी मी बोहारणीकडून फाटकी लुगडीही घेते, आणि मऊ कोणतं हे ती मला न विचारता बाजूला काढून ठेवते.